नापास करणारी बाई

बुधवारची प्रार्थना आटोपून रोवेना टॅकेट घरी आली तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी फुटलेली होती आणि सिंकमध्ये चिखलाच्या बुटाचा ठसा होता. चोरांनी नवऱ्याची लाकूड कापायची मोटरकरवत नेली, हत्यारांची पेटी नेली, आणि जाता जाता दुसऱ्या दिवशीच्या मयताच्या जेवणासाठी केलेला सफरचंदाचा केक निम्मा खाऊन गेले. करवतीचं तिला फारसं काही वाटलं नाही, कारण ती चालवणारा डेन्झिल जाऊन दोन वर्षं झाली होती. पण खाऊन झाल्यावर सुरी तशीच बरबटलेली टाकून गेले, याचा तिला असा काही संताप आला की रडूच फुटलं. म्हणजे मेले आरामात बसून खात होते.

केंटकीच्या डोंगरातल्या पॉपॉ फोर्क नावाच्या खोऱ्यात तिचं घर सगळ्यात शेवटचं. त्यापुढे रस्ता नाही, नुसता डोंगर. शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, माणसाला बोलावलं तर तो येईपर्यंत चोर जेवून, झोप काढूनसुद्धा जाईल, असं तिथे सगळेच म्हणतात. त्या आठवड्यापासून रोवेना दाराला खुर्ची लावून झोपू लागली. झोपू लागली म्हणायचं एवढंच. मग एक दिवस तिने ठरवलं की आता पिस्तूल घ्यायचं. वय एकसष्ट. लहानपणी बापाबरोबर खारी मारायला रायफल चालवली होती, पण पिस्तूल कधी हातात धरलं नव्हतं. डेन्झिलच्या बंदुका होत्या, त्या तिच्या भावाने, होबर्टने, 'सांभाळायला' म्हणून नेल्या, आणि होबर्टने सांभाळायला नेलेली वस्तू परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

बेत तिने लेकीला फोनवर सांगितला. कॅरिसा लेक्सिंग्टनला दवाखान्यात नोकरी करायची. तिची मुलगी एम्री सात वर्षांची, आणि दर उन्हाळ्यात शाळा सुटली की आजीकडे यायची ती शाळा उघडेपर्यंत. ओढ्यात खेकडे धरायचे, पियानोवर बसून भलत्याच पट्ट्या बडवायच्या, 'मॅमॉ, मॅमॉ' करत दिवसभर झग्याला लोंबकळायचं. रोवेनाच्या वर्षाला जो काही अर्थ होता तो त्या उन्हाळ्यात होता. बाकीचे महिने ती नुसते ढकलत असे.

कॅरिसाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, पिस्तूल घे नाहीतर तोफ घे, घर तुझं आहे. पण मग एम्री यायची नाही."

"अगं, पण मी एकटी असते इथे."

"ते मला कळतं. म्हणून तर नको म्हणत नाही. आधी शिकून घे. नीट. आणि होबर्टमामाकडून नाही." आणि तिने अट पुरी केली. "जो माणूस नापास करू शकतो, अशा कोणाकडून तरी."

होबर्टमामाचं नाव उगाच आलं नव्हतं. कॅरिसा नऊ वर्षांची असताना थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण झालं, पोटं तट्ट फुगली, आणि होबर्टने नवीन घेतलेलं पिस्तूल खिशातून काढून सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. "रिकामं आहे," तो म्हणाला. कॅरिसा त्याच्या पायाशी बाहुली घेऊन बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "मामा, उघडून दाखव ना." आणि रोवेनानेच तिला दटावलं, की मामाने सांगितलं ना एकदा, मोठ्यांना खोटं पाडू नये. पुढच्याच क्षणी बार उडाला. गोळी बाहुलीच्या पलीकडे लाकडी जमिनीत घुसली. कोणाला काही झालं नाही. होबर्टने फळी बदलून दिली, आणि त्यानंतर त्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोललं नाही. ती फळी मात्र आजही बाकीच्यांपेक्षा उजळ दिसते. कॅरिसा आईकडे आली की त्या फळीवर पाय देत नाही, हे रोवेना कितीतरी वर्षं पाहत आली होती.

तर आता नापास करणारा माणूस शोधायचा.

कायद्याचं म्हणाल तर काहीच अडचण नव्हती. केंटकीत पिस्तूल विकत घ्यायला शिकल्याचा दाखला कोणी मागत नाही. होबर्टला कळल्याबरोबर तो तावातावाने गाडी घेऊन आला. स्वतःच्या बुटांपेक्षा बंदुका जास्त असलेला माणूस. बहिणीने शिकायला दुसरीकडे जावं म्हणजे त्याच्या तोंडाला काळं फासण्यासारखंच होतं. "एका दुपारचं काम आहे ते," तो म्हणाला, "त्यात शाळा कसली?" रोवेनाने त्याला जेवायला वाढलं आणि विषय बदलला. पिंटो बीन्स आणि मक्याचा ब्रेड पुढे असला की होबर्टचा विषय बदलायला वेळ लागत नाही.

गावातल्या दुकानात गेली तर काउंटरवरच्या पोराने तिला गुलाबी मुठीचं पिस्तूल काढून दाखवलं. बायकांना आवडतं म्हणे. ती म्हणाली की मला आंघोळीच्या साबणाचा रंग नको, मला शिकवणारा हवा. त्याने एक पत्ता दिला. एका पिझ्झाच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी एक गृहस्थ वर्ग घेत, दुपारच्या जेवणासकट. रोवेना जाऊन त्यांना भेटली. माणूस वाईट नव्हता, मोकळा होता, हसरा होता. तिने एकच विचारलं, की तुमच्याकडे नापास किती होतात?

"आजवर एकही नाही, मॅडम," ते छाती फुगवून म्हणाले.

रोवेनाने आभार मानले, पर्स खांद्याला लावली आणि निघाली.

मग कोणीतरी कॉम्प्युटरवरचा वर्ग सुचवला. तोही करून पाहिला. प्रश्नाचं उत्तर चुकलं की पडदा म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. बरोबर येईपर्यंत बोट दाबत राहायचं. चुलीवर बीन्स उकळत होते आणि ती एक डोळा पातेल्यावर ठेवून बोट दाबत होती. बीन्स शिजायच्या आत पास झाली. पडद्यावर फटाके उडाले, तिचं नाव सोनेरी अक्षरांत आलं, आणि तिला घाम फुटला. आपल्याला काहीही कळलेलं नाही हे तिला जितकं त्या वेळी कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं.

त्यानंतर तिने शोधायची तऱ्हाच बदलली. चांगला शिक्षक कोण, असं विचारणं सोडून दिलं. भेटेल त्याला विचारू लागली, "का रे, तुला बंदुकीच्या वर्गात कोणी नापास केलंय का?" चर्चमध्ये ती पियानो वाजवायची, त्यामुळे माणसं तिच्याशी गोडच बोलत. पण हा प्रश्न आला की ज्याला त्याला घाई असायची. डोंगरातल्या पुरुषाला बंदुकीत नापास झालास का विचारणं म्हणजे तुझी आई स्वयंपाक वाईट करायची का विचारण्यासारखं. कोणी हो म्हणेल? पाद्रीसाहेबांनी तर दोन रविवार तिची नजर टाळली.

शेवटी चोरीचा जबाब पुरा करून घ्यायला शेरीफचा डेप्युटी वेंडेल आला. दारात वाकून आत यावं लागेल असा उंच, कमरेला पट्टा, पट्ट्याला पिस्तूल. रोवेनाने कॉफी दिली आणि त्यालाही विचारलं. त्याचे कान लाल झाले.

"दोनदा," तो कपात बघत म्हणाला. "नोकरी लागायच्या आधी. मिस इमोजीन स्लोननी."

"टायपिंग शिकवायच्या त्या?"

"त्याच."

"कशात नापास केलं रे?"

"ते मी सांगणार नाही, मिस रोवेना. तिथे नापास झालेला कोणीच सांगत नाही." मग कप खाली ठेवून तो गंभीरपणे म्हणाला, "तिसऱ्या वेळी पास झालो. माझ्या घरात तीन पोरं आहेत आणि मी हे पिस्तूल घेऊन रोज घरी जातो. त्या बाईंमुळे मला झोप लागते. तुम्ही जाच."

मिस इमोजीन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी टायपिंग शिकवलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नापास केलं होतं. तरुणपणी कॉलेजच्या नेमबाजीच्या संघात मुलांमध्ये ही एकटी मुलगी होती, आणि असं म्हणतात की मुलं तिच्या शेजारी उभं राहायला कां-कूं करायची, कारण तुलना व्हायची. आता अंगात विणलेलं जाकीट, चष्म्याला साखळी, आणि आवाज इतका हळू की ऐकायला सगळी खोली पुढे वाकायची. ओढ्याच्या तोंडाशी बंद पडलेली प्राथमिक शाळा आहे, तिच्यात त्या वर्ग घेत. बसायला छोट्या पोरांच्या खुर्च्या. रोवेनाच्या शेजारच्या खुर्चीवर टोपीवाला एक आडदांड खाणकामगार बसला होता, त्याचे गुडघे कानाला लागत होते.

पहिल्या दिवशी बंदूक दिसलीच नाही. मिस इमोजीननी एकेकाला विचारलं, कशाला हवंय पिस्तूल? खाणकामगार म्हणाला, कुटुंबाच्या रक्षणासाठी.

"कुटुंबात सगळ्यात धाकटं कोण?"

"मुलगी, मॅडम. तीन वर्षांची."

"मग तिच्यापासून सुरुवात करू. उठा सगळे. गुडघ्यांवर या."

आणि त्या बाईने त्या सगळ्या मोठ्या माणसांना, पोटं सुटलेल्या, सांधे धरलेल्या, त्या वर्गात गुडघ्यांवर रांगायला लावलं. रांगत रांगत टेबलाचे खण उघडायचे, कपाटाखाली हात घालायचा, खुर्चीवर चढून फळीवरचं काढायचं. आधीच तिने जागोजागी खडूचे तुकडे लपवले होते. बघता बघता सगळे सापडले. कोणी हसत नव्हतं. रोवेना एका खणापुढे गुडघ्यांवर थांबली आणि तिच्या लक्षात आलं की पलंगाशेजारचा जो खण आपण पिस्तुलासाठी मनात योजून ठेवला होता, तो बरोबर एम्रीच्या नाकासमोर येतो. खाणकामगार कपाटाजवळ बसूनच राहिला होता, टोपी हातात घेऊन. मिस इमोजीननी त्याला पाणी नेऊन दिलं आणि पाठीवर हात ठेवला.

पुढचे शनिवार मैदानावर. मैदान म्हणजे डोंगर कापून कोळसा काढलेली जुनी खाण, मागे उभा कडा, गोळी जाईल कुठे? तिथे रोवेनाचं एक वेगळंच दुखणं निघालं. आयुष्यभर पियानो वाजवलेली बोटं ती. रिकामी राहणं त्यांना ठाऊकच नाही. पिस्तूल हातात आलं की उजव्या हाताचं पहिलं बोट आपसूक चापावर जाऊन बसे. तिला कळायचंही नाही. चष्म्यावरून बघत मिस इमोजीन हळूच म्हणायच्या, "रोवेना, भजन सुरू व्हायचंय अजून." मग बोट सरळ. बोट सरळ, नळीला लागून, नेम पक्का होईपर्यंत. घरी ती लाटणं हातात धरून तेच करत बसायची. इतकं केलं, इतकं केलं, की एका रविवारी चर्चमध्ये वाजवताना तेच बोट ऐन वेळी ताठ राहिलं आणि भजनातला एक सूर प्रत्येक कडव्यात गायब झाला. मंडळींना वाटलं पियानो बिघडला. रोवेना मात्र मनातून खूश झाली.

शेवटच्या शनिवारी तिने सगळ्यांत चांगला नेम धरला. कागदावरची भोकं एका बशीखाली झाकली गेली असती. तिला वाटलं, झालं. मनातल्या मनात तिने एम्रीची खोली झाडायलाही घेतली. सगळे आवराआवर करत होते, गाडीच्या मागच्या फळीवर कॉफीचा थर्मास उघडला होता, आणि मिस इमोजीन एका हातात कागदांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात एक रिव्हॉल्वर असं घेऊन आल्या. नळी जमिनीकडे. सहज म्हणाल्या, "रोवेना, एवढं माझ्या पेटीत ठेवतेस? रिकामं आहे."

"हो, मिस इमोजीन," रोवेना म्हणाली आणि अदबीने ठेवलं.

"आता उघड ते."

तिने उघडलं. आत सरावाची एक नकली गोळी होती, नारिंगी रंगाची.

"पण तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले. खोटं बोलले." मिस इमोजीननी कागदावर खूण केली. "नापास."

एकटी रोवेनाच नाही. एकेकाला वेगळं गाठून त्यांनी हेच केलं होतं. खाणकामगारही, बाकीचे सगळेच, तसेच अदबीने नापास झालेले होते. म्हातारी बाई, शाळेतली बाई, सांगते रिकामं आहे, तर तिच्या तोंडावर उघडून बघणार कोण? तिथल्या आयांनी मुलांना हे शिकवलेलं असतं, दुसऱ्याच्या शब्दावर शंका घेणं म्हणजे त्याच्या घरावर थुंकणं. मिस इमोजीननी सगळ्यांना गाडीभोवती बोलावलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

"तुमच्या आईबापांनी तुम्हाला चांगलं वळण लावलंय. ते सोडू नका. सोयरिकीत माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा, उसनवारीत ठेवा. बंदुकीत ठेवू नका. माझ्यासुद्धा नाही. मी म्हातारी आहे, विसरते. आणि तरणी असतानाही विसरत होतेच. ज्याच्या हातून तुम्ही बंदूक घेता, त्याच्या देखत उघडून बघता, तेव्हा त्याचा अपमान करत नाही. त्याला आयुष्यभराच्या पश्चात्तापातून वाचवता. पुढच्या महिन्यात या पुन्हा."

रोवेनाला राग आला, तो मिस इमोजीनचा. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत तो टिकला. मग तिला एक बारीक आवाज ऐकू आला, 'मामा, उघडून दाखव ना.' त्या खोलीत तेव्हा इतकी मोठी माणसं होती, सगळी वळणाची, आणि शहाणपणाची गोष्ट बोलली होती फक्त नऊ वर्षांची पोर. तिला गप्प कोणी केलं? रोवेनाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडली. कोळशाचा एक ट्रक शेजारून गेला, चालकाने थांबून विचारलं, काही मोडलंय का? ती म्हणाली, मोडलंय, पण गाडीचं नाही.

संध्याकाळी तिने कॅरिसाला फोन केला. उन्हाळा तोंडावर आलेला. वाटलं होतं की लपवावं, पुढच्या महिन्यात पास होऊन मग सांगावं. पण सांगितलं.

"नापास झाले."

"कशात?"

रोवेनाने सगळं सांगितलं. नारिंगी गोळी, थर्मास, 'रिकामं आहे', सगळं. रोवेनाला वाटलं, संपलं, गेला उन्हाळा.

"आई," कॅरिसा म्हणाली, "त्या बाईंचं नाव काय म्हणालीस?"

होबर्टला मात्र हसू आवरेना. बहीण लाटण्याने सराव करते आणि नापास होते, ही गोष्ट त्याने न्हाव्याच्या दुकानात दोनदा सांगितली. त्या बाईने मला टायपिंगमध्येही नापास केलं होतं, असं तो म्हणाला. "टायपिंगमध्ये*ही*?" रोवेनाने विचारलं. "आणि आणखी कशात?" होबर्टला अचानक आठवलं की त्याच्या गाडीचं तेल बघायचं राहिलंय.

पुढच्या महिन्यात रोवेना परत गेली. खाणकामगारही आला होता, या वेळी बायकोला घेऊन. आता सगळ्यांना युक्ती ठाऊक, तेव्हा मिस इमोजीन काय करणार याची उत्सुकता होती. त्यांनी काहीच लपवलं नाही. रोवेनाच्या समोर, हातभर अंतरावर, रिव्हॉल्वर उघडलं, चक्र फिरवून गोळ्यांची सगळी घरं दाखवली, रिकामी, उजेड आरपार. "दिसलं?" "दिसलं, मॅडम." मग बंद केलं आणि तिच्या हातात दिलं.

रोवेना थबकली. आत्ता या डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा उघडायचं म्हणजे वेडेपणा, शिवाय सगळे बघताहेत. मागे कोणीतरी घसा खाकरला. तिचं ते शहाणं बोट सरळ नळीला लागून होतं. तिने नळी कड्याकडे केली, चक्र उघडलं आणि एकेक घर पाहिलं. रिकामंच होतं.

"माफ करा," तिच्या तोंडून निघून गेलं.

"माफी कसली? घराला कुलूप लावल्यावर ओढून बघतेस, तेव्हा कुलपाची माफी मागतेस का?" मिस इमोजीन म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "थँक्यू, रोवेना."

तिने रिव्हॉल्वर परत दिलं. मिस इमोजीननी घेतलं आणि, आत्ताच दोघींनी दोनदा पाहिलेलं असूनही, उघडून पाहिलं. आयुष्यभर हेच केलेली बाई. प्रत्येक वेळी, प्रत्येक हातातून, कंटाळा नाही, मिरवणं नाही, जणू पहिल्यांदाच बघतेय. रोवेनाला वाटलं, हिच्या पाया पडावं. तिथे तशी पद्धत नाही, म्हणून तिने पुढच्या आठवड्यात सफरचंदाचा केक नेऊन दिला, अख्खा.

पास झाल्यावर आधी तिने पोलादी पेटी घेतली, कपाटाच्या वरच्या फळीवर भिंतीत बोल्ट मारून बसवून घेतली, आणि मग दुकानात गेली. त्याच पोराने साधं काळं रिव्हॉल्वर काढलं, स्वतः तपासलं, म्हणाला, रिकामं आहे मॅडम. तिने उघडून पाहिलं. पोराचा चेहरा बदलला. "मिस इमोजीन?" त्याने विचारलं. "मला तीनदा नापास केलं त्यांनी." गुलाबी मुठीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी कॅरिसाची गाडी अंगणात आली. एम्री दार उघडल्याबरोबर ओढ्याकडे पळाली, मागोमाग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून होबर्ट. कॅरिसा एकटीच आत आली. हातात काही नव्हतं. एम्रीची बॅग गाडीतच होती, मागच्या काचेतून दिसत होती. रोवेनाने ते पाहिलं आणि चहा ठेवला.

चहा झाला. मग कॅरिसा म्हणाली, "दाखव."

दोघी खोलीत गेल्या. रोवेनाने स्टुलावर चढून पेटी उघडली, रिव्हॉल्वर काढलं, नळी भिंतीकडे, बोट सरळ. चक्र उघडून पाहिलं, बंद केलं. मग लेकीपुढे धरलं. कॅरिसाने त्या थँक्सगिव्हिंगनंतर कधी बंदुकीला हात लावला नव्हता. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

"रिकामं आहे," रोवेना म्हणाली. आणि मग स्पष्टपणे, "कॅरिसा, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. उघडून बघ."

कॅरिसाने आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने आईकडे असं पाहिलं नव्हतं. उघडायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं, रोवेनाने बोटाने खटका दाखवला, हात लावला नाही. चक्र बाहेर आलं. कॅरिसाने एकेका घरातून खिडकीचा उजेड पाहिला, करंगळीने चाचपलं, पुन्हा फिरवून पाहिलं. तिला हवा तेवढा वेळ घेतला. रोवेना उभी राहिली.

"रिकामं आहे," शेवटी कॅरिसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"थँक्यू," रोवेना म्हणाली.

कॅरिसाने रिव्हॉल्वर परत दिलं. रोवेनाने ते घेतलं, आणि लेकीच्या देखत पुन्हा उघडून पाहिलं. कॅरिसाला रडता रडता हसू आलं. पेटी बंद झाली, किल्ली रोवेनाच्या गळ्यातल्या साखळीत गेली.

कॅरिसा बाहेरच्या खोलीत आली, त्या उजळ फळीवरून तशीच चालत दाराबाहेर गेली, आणि गाडीतून एम्रीची बॅग काढून आणली.